गाल सुजला, तर दाढ आजच दाखवा

किडलेली दाढ आठवडाभर ठणकते आणि एका सकाळी एकदम शांत होते. घरचे म्हणतात, सुटलास बाबा. पण अशा वेळी बहुधा दाढेतली नस मेलेली असते. जंतू मात्र जिवंत असतात. ते मुळाच्या टोकाशी पू करतात आणि काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, गाल फुगतो.

मग घरोघरी शेक, लेप आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या सुरू होतात. कळकळीने सांगतो, हे करू नका. अँटिबायोटिक रक्तातून जातं. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, साठलेल्या पुवातही ते पुरेसं शिरत नाही. सूज तात्पुरती उतरते आणि पुन्हा येते. पू बाहेर काढावा लागतो आणि दाढेचं रूट कॅनल तरी करावं लागतं, नाहीतर ती काढावी तरी लागते. ‘सूज असताना डॉक्टर हात लावत नाहीत’ म्हणून घरी थांबू नका. पुवाला वाट बऱ्याचदा त्याच दिवशी करून देता येते. वरचा दात काढल्याने नजर जाते, हा समजही सोडा. उलट वरच्या सुळ्याचा पू दुर्लक्षामुळे डोळ्याखाली चढतो, क्वचित मेंदूजवळच्या शिरेपर्यंतही पोहोचतो.

सगळ्यांत जपायचं ते खालच्या मागच्या दाढांना. त्यांचा संसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरतो. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही माणसाचा श्वास काही तासांत कोंडू शकतो. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला, जीभ वर उचलली गेली, डोळा मिटत चालला किंवा सूज मानेत उतरली, तर दवाखाना उघडायची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, मोठं रुग्णालय गाठा. श्वास अडखळत असेल तर रुग्णाला आडवं करू नका, बसवूनच न्या.

मधुमेह असेल तर एक दिवसही घालवू नका; साखर वाढलेली असली की संसर्ग झपाट्याने पसरतो. गरोदर बायकांनी बाळाच्या भीतीने सहन करत बसू नये. दिवस गेल्याचं डॉक्टरांना सांगावं, उपचार होतात. मुलाचा दुधाचा दात ‘पडणारच आहे’ म्हणून सोडू नका, त्याखाली कायमचा दात तयार होत असतो.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात जा. सूज उतरल्यावरही पुढची तारीख चुकवू नका, कारण किडलेली दाढ अजून तोंडातच असते.