पंप गया!

बंद पडलेल्या जुन्या ट्रॅक्टरला खरा धोका गंजाचा नसतो. भोवती जमणाऱ्या मंडळींचा असतो. सकाळी सेल्फ मारला, इंजिन नुसतं घरघरलं आणि गप्प बसलं, की पाच मिनिटांत सात जाणकार गोळा होतात आणि सहाव्या मिनिटाला निकाल लागतो. आमच्या नंदुरबारकडे तो अहिराणीत लागतो: "पंप गया रे भो!" साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही. एकदम जन्मठेप!

या निकालाविरुद्ध माझं हे अपील आहे. बँकेतल्या कारकुनाने ट्रॅक्टरवर बोलावं का, असं कुणी विचारील. अवश्य बोलावं. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात उभा असला तरी त्याचं कर्ज माझ्या टेबलावर उभं असतं. शिवाय बी.कॉम. झालेल्या माणसाला यंत्रातलं काही कळत नसलं, तरी न जुळणारा हिशेब कसा शोधायचा एवढं कळतं. आणि चालू न होणारा ट्रॅक्टर म्हणजे दुसरं काय असतं?

संध्याकाळी कॅशमध्ये नव्वद रुपयांचा फरक आला तर आम्ही तिजोरी फोडायला घेत नाही. नव्वदला नऊने भाग जातो, म्हणजे कुणीतरी १८९० च्या जागी १९८० लिहिले असतील, असा संशय घेऊन आधी स्लिपा चाळतो. फुकटातली तपासणी आधी, खर्चाची नंतर. ट्रॅक्टरपाशी मात्र सगळं उलटं. टाकीत डिझेल किती आहे हे पाहायला कुणी वाकत नाही. पण जो पंप खोलायला भले भले मिस्त्री कचरतात, त्याच्यासाठी घराघरातून पाने निघतात.

वास्तविक डिझेलचा रस्ता एस.टी.सारखा ठरलेला आहे. टाकीतून तोटी, तिथून गाळ धरणारी वाटी, मग छोटा फीड पंप, एक-दोन फिल्टर, मग तो बदनाम मोठा पंप आणि त्याच्यातून पोलादी नळ्यांनी थेट नोझल. आता शहाद्याची गाडी नंदुरबारला आली नाही, तर आपण "नंदुरबारचा स्टँड गेला" असं म्हणतो का? आपण विचारतो, "शहाद्याहून सुटली का? प्रकाशाच्या पुलापर्यंत आली का?" ट्रॅक्टरलाही हेच विचारायचं असतं. "काय गेलं?" हा दुखवट्याला जमलेल्यांचा प्रश्न झाला. मिस्त्रीचा प्रश्न "कुठवर आलं?" हा असतो.

याचं पहिलं उत्तर सायलेन्सरच देतो. सेल्फ मारताना धुराचा पत्ताच नसेल, तर डिझेल आत पोचलेलंच नाही. मग गावातली बारा पोरं लावून ढकलण्यात अर्थ काय? पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तो आजार वेगळा, त्याचा डॉक्टर वेगळा. पण लोक धूर बघत नाहीत, धूर करतात! हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारे आणि कसला तरी भडक्या फवारा मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. उपाशी माणसाला जेवण न देता चटका देण्याचा हा प्रकार.

दुसरं, इंजिन बंद करायचं ओढबटण. आपण ते आत ढकलतो, ते आतही जातं. पण मधली तार गंजलेली असली की पंपावरचा दांडा 'बंद'वरच अडून राहतो. सरकारी परिपत्रकासारखंच, वरून सुटलं पण खाली पोचलंच नाही! तिसरं, टाकीच्या झाकणातलं बारीक भोक. ते चिखलाने बुजलं, की डिझेल उपसलं जाईल तशी टाकीत पोकळी धरते आणि इंजिन थोडं चालून मान टाकतं. झाकण सैल करून पाहायला पैसा पडत नाही. चौथं, पाणी. अर्धी टाकी रात्रभर उघड्यावर थंड झाली की आतल्या हवेतलं बाष्प धरतं, आणि पाणी जड म्हणून तळाशी वाटीत जाऊन बसतं. म्हणून शहाणा शेतकरी टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी भरतो. आणि नरसाळ्याला फडकं लावून भरतो.

आणि सगळ्यांत मोठी चोर म्हणजे हवा. हिची कथा भाऊबंदकीच्या वळणाची आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तेव्हा त्यात इंधन फवारलं जाई ते दाबलेल्या हवेच्याच जोरावर. पुढे १९२७ पासून बॉश कंपनीचे पंप निघाले आणि या कामावरून हवेला घराबाहेर काढलं. तेव्हापासून ती मागच्या दाराने परत शिरायची संधी शोधते आहे. नोझल उघडायला वातावरणाच्या शे-दीडशे पटींहून जास्त दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून तो दाब पुढे जातो. नळीत हवेचा बुडबुडा असला तर तोच गादीसारखा दबतो आणि नोझल ढिम्म राहतं. उपाय सोपा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. मग तेच मोठ्या पंपावर.

शहादा तालुक्यातल्या माझ्या मेहुण्यांच्या दारात एका वर्षी मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला आणि त्याच सकाळी ट्रॅक्टर रुसला. निकाल ठरलेला. पंप उतरला, गोणपाटात गुंडाळला, परगावी गेला. चार दिवस शेजारच्या शेतांत तिफणी चालल्या आणि मेहुणे बांधावर उभं राहून आभाळ बघत बसले. पंप परत आला तो 'सर्व्हिसिंग'चं बिल घेऊन. बसवला, ट्रॅक्टर होता तसाच. शेवटी शेजारच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी आधी फडक्याने सगळे सांधे पुसले, हातपंप मारला आणि न संपणारे बुडबुडे पाहत म्हणाले, "डिझेल येतंय, पण एकटं येत नाहीये." फीड पंपाच्या अलीकडचा तांब्याचा वॉशर चेपला होता. तिथे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते; म्हणून थेंब दिसत नाही आणि कुणाला संशय येत नाही. एका चहाच्या किमतीचा वॉशर! ट्रॅक्टर सुरू झाला, आणि तासाभरात पावसाची झड लागली. पेरणी दहा दिवस मागे गेली. पिकाने ते दहा दिवस भरून दिले नाहीत. बँकेनेही हप्त्याची तारीख दहा दिवस पुढे ढकलली नाही. ती पाठवायचं पत्र माझ्याच टेबलावरून जातं, म्हणून हा राग.

पंप कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. पाणी आणि धूळ पोटात गेली की तोही जातो. पण त्याच्यातले दट्टे केसाहून बारीक फटीत चालतात. अंगणात, धुळीच्या हातांनी खोललेला धडका पंप त्यामुळेच जायबंदी होतो. म्हणजे आरोप आधी, गुन्हा नंतर! आणि तज्ज्ञ छाती फुगवून म्हणतात, "सांगितलं नव्हतं?"

एचएमटीचा पिंजोरचा कारखाना बंद करायचं सरकारने २०१६ साली ठरवलं; त्याचे जुने ट्रॅक्टर अजून शेतात राबतात, त्यांना ते कुणी कळवलेलं नाही. इतकी चिवट ही जात. तिला चार प्रश्न विचारायचा धीर आपल्याला नसावा? स्वच्छ डिझेल, बुडबुड्याविना, पंपाच्या दारापर्यंत पोचलं, ओढबटणाचा दांडा मोकळा आहे, नोझलच्या नळीची नटं सैल करून सेल्फ मारला, आणि तरीही तिथे थेंब आला नाही, तर मग खुशाल पंपाला आरोपी करा. तोवर तो निर्दोष आहे. त्याला खोलू नका; आधी टाकीचं झाकण खोला.