पाचगणीची हवा आणि इस्पितळातील कामगार

क्षयरोग्याने पाचगणीस जावे, हा एके काळी मुंबईच्या सुखवस्तू घरांतील रूढ सल्ला होता. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली तेथे बेल-एअर आरोग्यधाम उभारले, तेव्हा डोंगरावरची मोकळी हवा हेच औषध मानले जात असे. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या प्रयोगाने तर दाखवून दिले की, औषधे नियमित मिळाली तर दाटीवाटीच्या वस्तीतला गरीब रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. हवेने क्षय बरा होतो हा समज तेथेच संपला. मात्र त्यासोबत आपण एक सत्यही फेकून दिले: मोकळी हवा रोग्याला बरे करीत नसली, तरी त्याची शुश्रूषा करणाऱ्याला ती वाचवू शकते.

याला प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे वेल्स आणि रायली यांनी १९५०च्या दशकात क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळविली. रोग्याचा स्पर्श नाही, सहवास नाही. केवळ त्या हवेने प्राण्यांना क्षय जडला. २००७ साली पेरूतील लिमाच्या इस्पितळांची पाहणी प्रसिद्ध झाली. खिडक्या-दारे उघडताच तेथे हवा ताशी साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळविणाऱ्या खोल्यांसाठी हे प्रमाण १२ धरले जाते. उंच छताच्या जुन्या इमारती याबाबतीत नव्या इमारतींहून सरस ठरल्या.

आणि आपण काय केले? वातानुकूलनाच्या हौसेपायी खिडक्या बंद केल्या आणि बाह्यरुग्ण विभागाच्या अरुंद बोळात खोकणाऱ्यांची रांग उभी केली. २०१० साली केंद्र सरकारने हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या प्रतिबंधाची मार्गदर्शिका काढली. ती किती तालुका इस्पितळांच्या भिंतींपर्यंत पोहोचली, हे कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे.

या बेपर्वाईला शास्त्राचा मुलामाही मिळाला. २००३च्या सार्सच्या साथीनंतर काही वैद्यकीय क्रिया 'धोक्याच्या' म्हणून निवडण्यात आल्या: श्वासनलिकेत नळी घालणे, दुर्बिणीने फुफ्फुस तपासणे, कफ ओढून काढणे. या क्रियांत धोका आहे, याबद्दल वाद नाही. परंतु यादीबाहेरचे काम निर्धोक, असा उफराटा निष्कर्ष त्यातून काढला गेला. रुग्णाचा साधा खोकला कोणत्याही यादीची परवानगी मागत नाही. चांगली मुखपट्टी नळी घालणाऱ्या डॉक्टरला मिळाली. त्याच खोलीतली लादी पुसणारी बाई, चादरी उचलणारा वॉर्डबॉय, थुंकीचे नमुने वाहणारा शिपाई यांच्या वाट्याला फडके आले. मार्च २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शिकेने घरोघर फिरणाऱ्या आशांना कमी जोखमीच्या वर्गात टाकले. ही वर्गवारी जंतूंनी केलेली नव्हे. ती पगारपत्रकाने केली आहे!

मुंबईत शिवडीच्या क्षयरोग इस्पितळातील कर्मचाऱ्यांना क्षय झाल्याच्या आणि त्यांतले काही दगावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. कोरोनाच्या काळात टाळ्या-थाळ्या वाजल्या. पण सप्टेंबर २०२०मध्ये किती आरोग्यसेवक मेले अशी संसदेत विचारणा झाली, तेव्हा ही आकडेवारी केंद्राकडे ठेवली जात नाही, असे उत्तर आले. भारतीय वैद्यक संघटनेला ३८२ मृत डॉक्टरांची यादी स्वतः प्रसिद्ध करावी लागली. डॉक्टरांना निदान संघटना होती. कंत्राटी सफाई कामगाराची यादी कोणी केली?

खर्च परवडत नाही, असे सांगितले जाईल. खिडकी उघडायला कितीसा खर्च येतो? एन-९५ मुखपट्टीची किंमत क्षयाच्या एका रजेपेक्षा, एका विधवेच्या आयुष्यापेक्षा जास्त आहे काय? कायदाही मुका नाही. आरोग्यसेवेत जडणारे संसर्गजन्य रोग १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य म्हणून नोंदलेले होते आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती नोंद आहे. हा हक्क मागायला बसलेल्या कामगाराला मात्र 'रोग घरीच झाला असेल' असे ऐकविले जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. इस्पितळाच्या प्रत्येक दालनात हवा किती वेळा बदलते याची मोजणी व्हावी आणि ती फलकावर लागावी. हुद्दा न पाहता, कंत्राटी असो वा कायम, खोलीतल्या प्रत्येकाला सारखीच मुखपट्टी मिळावी. क्षय झालेल्या कर्मचाऱ्यास भरपगारी रजा मिळावी. रोग कामामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी, मग तो मालक शासन का असेना.

पाचगणीची हवा एके काळी पैसेवाल्यांनी विकत घेतली. ज्यांच्या हातांनी रोग्यांची सेवा होते, त्यांना कामाच्या जागी श्वास घेता येईल एवढी हवा फुकट मिळालीच पाहिजे. ती मागून मिळणार नसेल, तर संघटित होऊन मिळविली पाहिजे.