अपिलाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्याने काढली, तो माणूस दिवाणी दाव्यात पोळलेला असावा. बांधाचा तंटा, भाऊबंदकीची वाटणी, बुडालेले कर्ज – अशा कामी पायरी चढावी की न चढावी, हे माणसाच्या हाती असते. फौजदारीतील आरोपीला असे कोणी विचारीत नाही. पोलीस त्याला दंडाला धरून पायरी चढवतात. त्याने आपण होऊन चढावी अशी एकच पायरी कायद्याने ठेवली आहे, ती अपिलाची. आणि नेमकी तीच काढून टाका, असे आमच्याकडील शिकलीसवरली माणसे आता उघड बोलू लागली आहेत.

"एवढी अपिले हवीत कशाला? खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, संपले!" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात लग्नाच्या पंगतीत ऐकले, वाचनालयाच्या ओट्यावर ऐकले, आगगाडीच्या डब्यातही ऐकले. बोलणारे दुष्ट नव्हेत. एखाद्या निर्घृण गुन्ह्याची बातमी वाचून त्यांचे रक्त तापलेले असते, आणि ते तापावे हेही योग्यच. परंतु तापलेल्या रक्ताने निकाल होऊ नयेत म्हणूनच तर कोर्टे बांधली!

मी वकील नव्हे, न्यायाधीशही नव्हे. एका जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात तीस वर्षे काढलेला कारकून आहे. निकाल लागल्यावर मागे जे कागद उरतात, ते माझ्या हातून जात. तेवढ्याच अधिकारावर हे लिहितो.

राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने प्रत्येकाचे जीवित आणि स्वातंत्र्य राखले. २२ व्याने अटकेतील माणसाला आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क दिला. परंतु सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध अपील करण्याचा हक्क घटनेत शब्दांनी कोठे लिहिलेला नाही. १३४ वे कलम आहे, पण ते सर्वोच्च न्यायालयातील मोजक्या फौजदारी अपिलांपुरते. बाकीचा हक्क साध्या कायद्याचा. आणि कायद्याने दिले ते कायद्याने काढता येईल, ही पंगतीतल्या मंडळींची आशा. ती आशा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ सालीच मोडून ठेवली आहे. महाराष्ट्र राज्याविरुद्ध एका कैद्याने केलेल्या अर्जाच्या निकालात त्यांनी सांगितले की, ज्या शिक्षेने माणसाचे स्वातंत्र्य जाते, तिच्याविरुद्ध निदान एक अपील असणे हा २१ व्या कलमातील न्याय्य पद्धतीचाच भाग होय. म्हणून निकालाची नक्कल वेळेवर आणि फुकट कैद्याच्या हाती पडली पाहिजे, आणि तो गरीब असेल तर त्याला वकील सरकारने दिला पाहिजे. त्या कैद्याचा अर्ज फेटाळला गेला. तत्त्व मात्र देशाच्या पदरात पडले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजाची नवी संहिता आली, तीतही अपील कायम आहे. तेव्हा हक्क आहे की नाही, हा वाद संपला. तो हाती लागतो की नाही, एवढाच प्रश्न उरला.

एक बाई मला अजून आठवते. मुलाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली होती. नक्कल तुरुंगात पाठवली होती. मुलाला वाचता येत नव्हते. आई माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "दादा, त्यात काय लिवलंय, तेवढं सांगा." मी काय सांगणार? उच्च न्यायालयात अपील करण्यास साठ दिवसांची मुदत असते, एवढे सांगितले. खालच्या कोर्टातील वकिलाने आणखी पैशांवाचून पुढे जाण्यास नकार दिला होता. तिने दुसऱ्या नकलेचा अर्ज केला, त्यावर अंगठा उठवला. तुरुंगातून अपील गेले, दाखल झाले, आणि पडून राहिले. पुष्कळ वर्षांनी वरून आदेश आला : आरोपी निर्दोष, तत्काळ मुक्त करावे. आदेश घेऊन शिपाई तुरुंगात गेला आणि परत आला. सूट वजा जाता शिक्षा पुरी भोगून तो मुलगा अकरा महिन्यांपूर्वीच सुटला होता! मी तो कागद फाइलीत लावला. दुसरे काय करणार?

याला कोणी अपिलांचा सुळसुळाट म्हणेल का? येथे अपील एकच होते. ते ऐकायला कोणी बसले नव्हते. अपील दाखल करून घ्यायचे, पण ऐकायला सवड नाही म्हणून माणसाला वर्षानुवर्षे आत ठेवायचे, ही न्यायाची थट्टा होय, अशा अर्थाचे सर्वोच्च न्यायालय १९७७ सालीच बोलले आहे. जलद न्यायाचा हक्क अपिलापर्यंत पोचतो, हे १९९२ साली ठरले. न्यायालये सांगून चुकली. ऐकायचे आमचे राहिले आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप घेतो. "साध्या गुन्ह्यांचे जाऊ द्या, पण जेथे गुन्हा राक्षसी आहे, तेथे तरी फाशी चटकन द्या." ठीक. नाशिक जिल्ह्यातील खटला पाहा. २००३ च्या जूनमध्ये शेतवस्तीवरील एका कुटुंबातील पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. याहून राक्षसी काय असावे? सहा जण पकडले गेले. सारे भटक्या जमातींतील गरीब मजूर. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. तीन पायऱ्या झाल्या. पंगतीतल्या न्यायाने त्याच वर्षी सहा दोर लागले असते.

ते लागले नाहीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, फाशीच्या प्रकरणातील फेरविचार बंद दालनात नव्हे, खुल्या न्यायालयात तीन न्यायमूर्तींनी ऐकला पाहिजे. त्या दाराने हे प्रकरण पुन्हा आत आले. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नव्हता. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असे मधल्या काळात आढळून आले होते. सोळा वर्षे गेली. सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. सोळा वर्षांचे पाच लाख! हिशेब वाचकांनीच करावा.

"आणि ज्यांचे खून पडले, त्यांचे काय?" असे मला रागाने विचारतात. मीही तेच विचारतो. सहा निरपराध गजाआड होते, त्या सोळा वर्षांत खरे खुनी कोठे होते? चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खऱ्या गुन्हेगाराचा शोधच थांबतो. अपील आरोपीच्या बाजूचे आणि मेलेल्यांच्या विरुद्ध, ही समजूतच खोटी. खरा निकाल लागावा, यात दोघांचेही हित आहे.

ज्याच्यापाशी वजन आहे, त्याचे अपील कधी अडत नाही. १९६० साली कमांडर नानावटी यांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपालांच्या हुकमाने तिची अंमलबजावणी थांबली होती. सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्या हुकमाला आक्षेप घेतला, ही गोष्ट निराळी. माझ्या खिडकीशी आलेल्या बाईसाठी असा हुकूम कोणी काढणार नव्हते, आणि तिने तो मागितलाही नव्हता. तिला निकालात काय लिहिले आहे एवढेच हवे होते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. नक्कल कैद्याच्या हाती द्या आणि तिच्यात काय आहे हे त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगा. कारण उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, आणि ज्याचे आयुष्य त्यात गुंतले, त्याला त्यातील अक्षर कळत नाही. सरकारी खर्चाने दिलेला वकील सुनावणीपूर्वी एकदा तरी तुरुंगात जाऊन त्याला भेटू द्या. जो आत आहे, त्याचे अपील आधी ऐका; वेळ नसेल तर त्याला जामीन द्या. यात घटनेबाहेरचे एक अक्षर नाही.

एवढे करा, आणि मग अपिले फार झाली असे खुशाल म्हणा. तोवर मात्र पंगतीत ते वाक्य कोणी उच्चारले, की मी जेवता जेवता थांबणार आणि विचारणार : "साहेब, २००९ साली तुमचे ऐकले असते, तर २०१९ साली त्या सहांना तुम्ही काय सांगितले असते?"