पऱ्हाटीचा कोळसा मातीला मिळावा, धूर आभाळाला नको

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकरी, ग्रामसभा आणि कृषी विभाग यांच्यासाठी पत्रक

कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी आणि तुरीची मळणी झाली की तुराट्या बांधावर रचून पेटवल्या जातात. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून ती शेतात न ठेवण्याचा सल्ला योग्यच आहे; परंतु उघड्यावर जाळल्याने अळीबरोबरच पिकाने हवेतून घेतलेला जवळजवळ सगळा कार्बनही पुन्हा हवेत जातो.

यावर सुचवला जाणारा पर्याय म्हणजे बायोचार, अर्थात अपुऱ्या प्राणवायूत, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजलेला काडीकचऱ्याचा कोळसा. नीट भाजलेल्या कोळशातील बराचसा कार्बन मातीत शेकडो वर्षे टिकतो. १ टन वाळलेल्या पऱ्हाटीतून २०० किलो कोळसा मिळाला आणि त्यात तीन-चतुर्थांश कार्बन असला, तर सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन मातीत जातो. मात्र हा हिशेब भाजण्याच्या पद्धतीवर उभा आहे. मातीने झाकलेल्या, धुमसणाऱ्या भट्टीतून मिथेन निसटतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७ पटींहून अधिक उष्णता धरतो. म्हणून ओला काडीकचरा कोंडून केलेल्या कोळशाला हवामानाचे औषध म्हणणे ही फसवणूक आहे.

लोखंडी बंद संयंत्रात वायू जाळून त्याची उष्णता वापरता येते, पण त्याला मोठे भांडवल, वीज आणि पऱ्हाटीची दूरवरून वाहतूक लागते. याउलट शेतातच खणलेल्या शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात वाळलेल्या काड्या थराथराने टाकल्या आणि वरची ज्योत सतत पेटती ठेवली, तर निघणारे वायू ज्योतीतच जळतात. खर्च मुख्यत्वे मजुरीचा राहतो. शेवटी कोळसा विझवायला पाणी लागते, आणि २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला ते परवडणारे नाही, म्हणून येथे कोळसा मातीने दाबून विझवण्याची रीत शिकवली पाहिजे.

उत्पन्नाच्या अतिरंजित आश्वासनांनाही विरोध झाला पाहिजे. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो आणि त्याचा मोठा लाभ आम्ल जमिनीत दिसतो. मराठवाड्यातील काळी जमीन मुळातच अल्कधर्मी आहे. त्यामुळे येथे तो शेणखतात मुरवून, थोड्या क्षेत्रावर पारखूनच वापरावा.

कार्बन श्रेयांक, म्हणजे हवेतून काढलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडसाठी विकले जाणारे प्रमाणपत्र, आता मोठा व्यापार झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत १ लाख टनांचे बायोचार श्रेयांक घेण्याचा करार जाहीर केला. काडीकचरा ज्याच्या रानातला, त्याला केवळ वाहतूकभाडे देऊन श्रेयांकाचा पैसा परस्पर जाणार असेल, तर तो शेतमालाच्या जुन्याच लुटीचा नवा प्रकार ठरेल.

म्हणून या मागण्या आहेत:

१. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने काळ्या जमिनीत बायोचारच्या चाचण्या घेऊन निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत.

२. धुमसत्या भट्ट्यांना कोणतेही अनुदान देऊ नये. ज्योतीच्या खड्ड्यांचे प्रशिक्षण गावोगाव द्यावे.

३. श्रेयांकाचा प्रत्येक करार मराठीत असावा, ग्रामसभेत वाचला जावा आणि त्यात शेतकऱ्याचा वाटा आकड्यात लिहिलेला असावा.

४. ज्या भूमिहीन कुटुंबांची चूल पऱ्हाटीवर पेटते, त्यांचे सरपण आधी राखावे. कोळशासाठी एकही झाड तोडू नये.

या अटी मान्य होईपर्यंत कोणत्याही ग्रामसभेने बायोचार प्रकल्पाला संमतीचा ठराव देऊ नये.