पडद्यामागचे 'सत्य' आणि आपली भाबडी समीक्षा

'पडद्यामागे' या शब्दाला आपल्या नाट्यविचारात अलीकडे एक अवाजवी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. रंगमंचावर दिसते ते रचलेले. रंगपटात, तालमीत, दौऱ्याच्या मुक्कामात घडते ते मात्र खरे, अशी एक समजूत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून आणि, खेदाने म्हणावे लागते, त्यांच्या मार्गदर्शकांच्या लेखनातूनही निमूटपणे वावरताना दिसते. फिरत्या नाटकमंडळींवरील माहितीपट हा या समजुतीचा मोठाच आधार. नाट्यसंहितेच्या एकेका शब्दाबद्दल काटेकोर असणारा अभ्यासक असा माहितीपट पाहायला बसताना चपलांबरोबर आपली चिकित्साही दाराबाहेर काढून ठेवतो. माझा विरोध आहे तो या भाबडेपणाला.

उदाहरण म्हणून जेरेमी व्हेलेहान यांचा 'नाऊ : इन द विंग्ज ऑन अ वर्ल्ड स्टेज' (२०१४) हा माहितीपट घेऊ. लंडनचे ओल्ड व्हिक, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्यूझिक आणि सॅम मेंडिस यांची नील स्ट्रीट या संस्थांनी ब्रिटिश व अमेरिकन नटांना एकत्र आणणारा 'ब्रिज प्रोजेक्ट' उभा केला. त्यातील शेवटचे नाटक 'तिसरा रिचर्ड'. दिग्दर्शक मेंडिस, नायक केव्हिन स्पेसी. २०११ च्या जूनमध्ये ओल्ड व्हिकमध्ये सुरू झालेला हा प्रवास एपिडॉरस, इस्तंबूल, नेपल्स, दोहा, बीजिंग, सिडनी, सॅन फ्रान्सिस्को अशी ठिकाणे घेत २०१२ च्या आरंभी ब्रुकलिनमध्ये संपला. प्रयोगांची संख्या दोनशेच्या वर गेली. माहितीपटाचे शीर्षक या नाटकाच्या पहिल्याच शब्दावरून घेतलेले आहे.

या माहितीपटात पाहण्यासारखे काही नाही असे मी म्हणत नाही. एपिडॉरसच्या प्राचीन दगडी प्रेक्षागारात, मोकळ्या आभाळाखाली उभा राहणारा नट आणि बंदिस्त, आधुनिक नाट्यगृहातला तोच नट यांच्या आवाजात, हालचालीत, प्रेक्षकांशी असलेल्या अंतरात काय फरक पडतो, हा नाट्यशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे आणि दौऱ्यावरील चित्रपटच तो दृश्यरूपात मांडू शकतो. परंतु हा प्रश्न येथे फार वेळ टिकत नाही. त्याची जागा नवलाई घेते. दोह्याच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या, इटलीच्या किनाऱ्यावरील नौकाविहार, आणि या साऱ्यातून घट्ट होत गेलेला जिव्हाळा. मंडळी म्हणजे एक कुटुंब, हा या माहितीपटाचा स्थायी स्वर आहे.

एर्विंग गॉफमन यांनी १९५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात माणसाच्या सामाजिक वर्तनाचे दर्शनी क्षेत्र आणि मागचे क्षेत्र असे दोन भाग कल्पिले. त्यांची परिभाषा आपल्याकडे पुष्कळ वापरली जाते. पण मागचे क्षेत्र हे तेथे प्रेक्षक नसतो म्हणून मागचे असते, ही त्यातील कळीची अट विसरली जाते. कॅमेरा आत आला की प्रेक्षक आत आला. मग रंगपट हा रंगपट राहत नाही, तो दुसरा रंगमंच होतो. डीन मॅक्कॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटनाच्या संदर्भात हेच दाखवून दिले होते : पर्यटकाला 'आतले' पाहायचे असते, म्हणून त्याच्यासाठी खास एक 'आत' उभारले जाते. या रचलेल्या अस्सलतेचा विचार नाट्यविषयक माहितीपटाला तंतोतंत लागू पडतो. आणि येथे तर नट कसलेले. बेसावधपणाचा अभिनय त्यांना जमणार नाही, असे मानायचे कारण काय?

दुसरा प्रश्न हितसंबंधांचा. ज्याच्याभोवती हा माहितीपट फिरतो तो नायक त्या काळी ओल्ड व्हिकचा कलासंचालक होता. माहितीपटाच्या निर्मितीत त्याचा वाटा होता आणि वितरणही त्याने स्वतःच हाती घेतले. नाटकमंडळीच्या प्रमुखाने लिहवून घेतलेली बखर इतिहासकार जशी वाचतो, तसाच हा माहितीपट वाचला पाहिजे. बखर टाकाऊ नसते. पण ती कोणाच्या पदरी लिहिली गेली, हे आधी विचारावे लागते.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओल्ड व्हिकने स्पेसी यांच्या वर्तनाविषयीच्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. वीस जणांनी गैरवर्तनाच्या तक्रारी सांगितल्या होत्या, आणि लोकांना मोकळेपणाने बोलता येईल असे वातावरण आपण निर्माण करू शकलो नाही, याबद्दल संस्थेने क्षमा मागितली. स्पेसी यांनी आरोप नाकारले. पुढे लंडनच्या न्यायालयात जो खटला चालला त्यात २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवले. व्यक्तीच्या अपराधाचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम नव्हे, आणि माझा मुद्दाही तो नाही. मुद्दा पुराव्याचा आहे. ज्या संस्थेला आपल्या घरात लोक बोलू शकत नव्हते हे पुढे स्वतःच मान्य करावे लागले, तिच्याच दौऱ्याचे चित्र 'कुटुंब' म्हणून आपल्यासमोर येते आणि आपण ते प्रक्रियेचे दस्तऐवजीकरण म्हणून वर्गात दाखवतो. कुटुंब या शब्दात माया असते तशी सत्ताही असते, हे निदान मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

आपल्याकडची स्थिती निराळी नाही. १९११ मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी कन्येचा मृत्यू झाला असतानाही बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर गेल्या. या हकिकती आपण पिढ्यानपिढ्या कलानिष्ठेची परमावधी म्हणून सांगत आलो. त्यांतील असामान्य धैर्याला माझाही नमस्कार आहे. पण प्रसूतीच्या रात्रीही बाईला बोर्डावर उभे राहावे लागते अशी ती कोणती आर्थिक रचना, हा प्रश्न निष्ठेच्या उदोउदोत बुडून जातो. पडद्यामागची हकिकत पडद्यामागची व्यवस्था झाकते, ती अशी.

याउलट आपल्या जुन्या नटांची आत्मचरित्रे पाहावीत. गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका' (१९४०) घ्या. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि बोडस यांच्या भागीदारीतून उभी राहिली, आणि पुढे टेंबे व बोडस दोघेही तिच्यातून बाहेर पडले. अशा माणसाच्या लेखनातही आत्मसमर्थन असतेच. पण लिहिणारा 'मी' तेथे उघड असतो, म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. कॅमेरा मात्र आपला 'मी' लपवतो आणि केवळ डोळा असल्याची बतावणी करतो.

यावर आक्षेप येईल की माहितीपट म्हणजे काही जमाखर्चाची वही नव्हे. मान्य. पण फिरत्या मंडळीच्या बाबतीत जमाखर्च हा कलाबाह्य तपशील नसतो. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या यात्रा हा त्याचा भर. नारायणगावच्या राहुट्यांत बसून यात्रेच्या सुपाऱ्या ठरतात. कलावंत हंगामापूर्वी उचल घेतो आणि तिच्या फेडीसाठी फडाशी बांधला जातो. कोण किती वर्षे नाचणार, वगात कोण टिकणार, नवा वग बसवायला सवड मिळणार की नाही, हे त्या उचलीवर ठरते. २०२० आणि २०२१ मध्ये यात्रा बंद राहिल्या तेव्हा पडदाही नव्हता, पडद्यामागेही काही नव्हते; उचल मात्र होती. प्रयोगाचे रूप जिथून घडते ती ही जागा. तिथे न जाणारा कॅमेरा कितीही आत शिरला तरी तो बाहेरच उभा असतो.

तेव्हा असे माहितीपट अभ्यासक्रमातून काढून टाका, अशी माझी मागणी नाही. ते नाट्यप्रयोगाइतक्याच संशयाने पाहा, एवढीच आहे. कॅमेऱ्याला आत कोणी घेतले, कोणाच्या सांगण्यावरून तो बंद झाला, मंडळीतला सर्वांत कमी पगाराचा माणूस किती वेळ बोलला, हे प्रश्न विद्यार्थ्याने प्रथम विचारावेत आणि उत्तर सापडत नसेल तर तसे प्रबंधात नोंदवावे. संहितेतील पाठभेदासाठी महिनोन्महिने खपणाऱ्या आपल्या विद्याशाखेला ही शिस्त अवघड जाऊ नये. ती अवघड जात असेल, तर दोष माहितीपटांचा नाही. आपणच तो पडदा आवडीने धरून बसलो आहोत.