कल्लमेडूचे हाड आणि पाठभेदांची नोंद

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये आरंभिले व १९६६ मध्ये तडीस नेले. त्या दीर्घ उद्योगातील दक्षिणी लिप्यांच्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचे काही काम तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात झाले. या आवृत्तीचे खरे वैभव तिच्या तळटीपांत आहे. संपादकांनी जो पाठ नाकारला तो त्यांनी पुसून टाकिला नाही. तो कोणत्या पोथीत आढळतो याच्या खुणेसह पानाच्या तळाशी जपून ठेविला. म्हणून उद्याच्या अभ्यासकास संपादकाचा निर्णय पुन्हा तपासता येतो.

संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांनाही पुढे हीच गरज भासली. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिखाणाची प्रत्येक अवस्था राखून ठेवणारी एक व्यवस्था निर्माण झाली. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही आज सर्वत्र रूढ असलेली आज्ञावली केली. तिची रीत समजण्यास कठीण नाही. लिखाणात बदल झाला की तो कोणी केला, केव्हा केला व कशासाठी केला याची नोंद होते. त्या नोंदीतील मजकुरावरून गणिताने एक ठसा काढिला जातो, आणि या ठशात आधीच्या नोंदीचा ठसाही गुंफलेला असतो. जुन्या नोंदीतील एक अक्षर जरी कोणी गुपचूप पालटले, तरी पुढचे सारे ठसे जुळेनासे होतात. शिवाय ज्याच्याजवळ संपूर्ण प्रत आहे, त्याच्याजवळ संपूर्ण इतिहासही असतो.

आता तंजावरच्या उत्तरेस, कोळ्ळिडम नदीपलीकडे अरियलूरच्या प्रदेशात जाऊ. क्रिटेशस कल्पात येथे समुद्र होता. १८६० च्या सुमारास ब्लॅनफर्ड यांनी येथील थरांचे उत्ताटूर, त्रिचनापल्ली व अरियलूर असे गट पाडिले; त्यांतील शंखशिंपले व अ‍ॅमोनाइट यांचे वर्णन स्टोलिच्का यांनी केले. याच प्रदेशातील कल्लमेडू गावाजवळ यादगिरी व अय्यासामी या भूवैज्ञानिकांना प्रचंड हाडे मिळाली. कमरेचे हाड, मांडीच्या हाडाचा भाग, शेपटीचा मणका, आणि नडगीचे हाड तर सुमारे २ मीटर लांब! १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या प्राण्यास ‘बृहत्काय’ या संस्कृत शब्दावरून ‘ब्रुहत्कायोसॉरस’ असे नाव दिले व त्यास मांसाहारी डायनोसॉर ठरविले. पुढे १९९० च्या दशकात तो लांब मानेचा, शाकाहारी सॉरोपॉड असावा असे मत पुढे आले. काहींनी तर ही हाडे नसून अश्मीभूत ओंडके असतील, अशीही शंका घेतली. त्या प्रदेशात अश्मीभूत वृक्ष आहेत, तेव्हा ही शंका अगदीच निराधार नव्हती.

या शंकेचे निरसन हाडे पाहून व्हावयाचे, पण हाडे उरलीच नव्हती. पावसाने भिजून ठिसूळ झालेली ती हाडे भुगा होऊन गेली, ही गोष्ट २०१७ मध्ये छापून आली. मूळ वर्णनासोबत होती ती केवळ साधी रेखाचित्रे. अखेर २०२२ मध्ये पाल व अय्यासामी यांनी उत्खननाच्या वेळची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे चर्चेस ठाम आधार मिळाला. तीन दशकांहून अधिक काळ जगातील विद्वान एका अस्पष्ट रेखाटनावर वाद घालीत होते, आणि छायाचित्रे अस्तित्वात होती!

यात शोधकांस दोष देणे अन्यायाचे होईल. ठिसूळ हाड पावसाळी चिखलातून अखंड काढणे किती कठीण असते, हे ज्याने कधी खोदले नाही त्यास कळावयाचे नाही. तसेच नोंदवही कितीही उत्तम असली तरी ती हाडाची जागा घेऊ शकत नाही. आधी लुकण व प्लास्टर, मग संगणक, हाच क्रम योग्य होय. परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. मापे, छायाचित्रे, जागेची खूण आणि प्रत्येक मतांतर ही सारी एकाच अखंड नोंदीत, अनेक ठिकाणी प्रती असलेल्या स्वरूपात राहिली असती, तर हाड गेल्यावरही पुरावा गेला नसता.

२०२० मध्ये पेरंबलूर जिल्ह्यात तळे खोदताना गोल दगड निघाले, आणि डायनोसॉरची अंडी सापडल्याची वार्ता पसरली. ते अ‍ॅमोनाइटांभोवती जमलेले गोळे आहेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. परंतु वार्ता एका वाटेने गेली आणि दुरुस्ती दुसऱ्या वाटेने. दुरुस्ती मूळ विधानाला बांधलेली नसली म्हणजे असेच होते.

तेव्हा अरियलूर व पेरंबलूर येथील प्रत्येक जीवाश्माची अशी नोंद ठेवावी, आणि तिची प्रत केवळ कलकत्त्यास वा चेन्नईस न राहता तंजावर-तिरुचिरापल्लीच्या ग्रंथालयांत व त्या तालुक्यांतील शाळांतही असावी. यास मोठा खर्च नाही. ‘गिट’ विनामूल्य मिळते. जो विद्यार्थी ओढ्याकाठचा अ‍ॅमोनाइट मोजून त्याचे माप लिहील, त्याचे नाव त्या नोंदीखाली राहील, आणि ते माप चुकले असल्यास दुरुस्त करणाऱ्याचेही राहील. अरियलूरच्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात, खाणी खोल होत आहेत, आणि कल्लमेडूच्या मातीवर दरवर्षी ईशान्य मोसमी पाऊस कोसळतच असतो.