‘डेव्हलपमेंट’च्या पोटात दडलेय काय?

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट असा गावांचा क्रम लागतो. पैकी भुकूम हे मुळशी तालुक्यातील एके काळचे भातखाचरांचे गाव. याच गावच्या खाटपेवाडी परिसरात राम नदी उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर अशी वाट काढीत मुळेला मिळते. या रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले फलक वाचीत जाणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येईल. फलक मराठी असो वा इंग्रजी, एक शब्द त्यावर हटकून भेटतो. ‘डेव्हलपर्स’, ‘डेव्हलप्ड प्लॉट’, ‘रेडी फॉर डेव्हलपमेंट’. मुळशीतील मराठी माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत जे इंग्रजी शब्द बोलतो, त्यांत या शब्दाचा क्रमांक फार वरचा असावा.

इंग्रजीतील साध्या शब्दांना अर्थ पुष्कळ असतात, हे त्या भाषेचे वैशिष्ट्य मानले जाते. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०११ साली ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदविले. ‘डेव्हलप’ची मजल एवढी नाही. पण ‘रन’चे शेकडो अर्थ इंग्रजांच्या घरात नांदतात आणि ‘डेव्हलप’चे अर्थ मात्र आपल्या घरात घुसून आपल्याच शब्दांना दाराबाहेर काढीत आहेत. भाषाभिमान्यांनी काळजी करावी ती या दुसऱ्या प्रकाराची.

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘गुंडाळलेले उलगडणे’ असा आहे. पत्राच्या पाकिटाला आपण ‘एन्व्हलप’ म्हणतो, तो याच कुळातील. एकाने गुंडाळायचे, दुसऱ्याने उलगडायचे. पुढे इंग्रजीत त्याला फांद्या फुटल्या. छायाचित्राची फिल्म डेव्हलप होऊ लागली, बुद्धिबळातील मोहरी डेव्हलप होऊ लागली, रोग्याला ताप आणि भिंतीला तडा डेव्हलप होऊ लागला. इंग्रजांना यात अडचण नाही. त्यांची भाषा, त्यांचा संकेत.

मराठीत या प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र शब्द आहे, ही आपली श्रीमंती. छायाचित्राचा रोल आपण कालपरवापर्यंत धुवायला टाकत होतो. अभ्यासाची गोडी लागत असे, सवय जडत असे, मैत्री जुळत असे. कथा फुलवली जाई, शरीर कमावले जाई, हात बसत असे, व्यवसाय वाढीला लागे. भिंतीला तडा जाई आणि न्यूमोनिया होई. आज सुशिक्षित मराठी घरात कानावर काय पडते? ‘मुलाचा इंटरेस्ट डेव्हलप झाला’, ‘तिला धुळीची अ‍ॅलर्जी डेव्हलप झाली’, ‘रिलेशन डेव्हलप करावे लागते’. लागणे, जडणे, जुळणे, फुलणे, कमावणे यांतील बारकावा ज्याने तोंडातून सोडला, त्याच्या मनातूनही तो हळूहळू ओसरणार. सवय जडते ती नकळत आणि शरीर कमावले जाते ते घाम गाळून. हा भेद ‘डेव्हलप’ला कळत नाही. मुलांच्या ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’साठी हजारो रुपये मोजणाऱ्या पालकांनी यावर जरूर विचार करावा.

येथवर प्रश्न भाषेच्या सौंदर्याचा होता. जमिनीपाशी आले की तो पोटापाण्याचा होतो.

मावळातल्या शेतकऱ्याजवळ जमिनीची स्वतःची शब्दसंपदा होती. भाताचे खाचर वेगळे, डोंगरउताराची वरकस वेगळी, माळ वेगळा, गायरान वेगळे, गावठाण वेगळे. कामाची क्रियापदेही तशीच नेमकी: बांध घालणे, ताल टाकणे, खाचर पाडणे, राब भाजणे, आवण लावणे, जमीन कसणे. यांतील प्रत्येक क्रियापदात करणारा दिसतो, केलेले काम दिसते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा जनमानसात रुजली आणि १९४८च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला मालक मानले, तेव्हा ‘कसणे’ म्हणजे काय हे कोणाला विचारावे लागले नाही. त्याच तालुक्यात आज व्यवहार चालतो तो ‘डेव्हलप करील त्याची जमीन’ या न्यायाने, आणि डेव्हलप करणे म्हणजे काय हे सही करणाऱ्यालाही धड ठाऊक नसते!

टेकडी पोखरली, ओढा बुजवला, आंब्याचे झाड तोडले, बांध मोडला, खाचरात मुरूम भरला, ही पाच वेगवेगळी वाक्ये आहेत. प्रत्येक वाक्य ऐकताच गावातला म्हातारा विचारील, ‘कोणी? का? कोणाला विचारून?’ या पाचही वाक्यांच्या जागी ‘जमीन डेव्हलप केली’ असे म्हणा. म्हातारा गप्प बसतो. शब्दाने प्रश्नच गिळला.

कायदा काय सांगतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात, म्हणजे ज्याच्या आधारे आराखडे होतात आणि बांधकामांना परवानग्या मिळतात त्या कायद्यात, या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. जमिनीवर, जमिनीखाली वा जमिनीच्या वर केलेले बांधकाम, अभियांत्रिकी काम, खाणकाम, तसेच इमारतीत, जमिनीत किंवा तिच्या वापरात केलेला कोणताही मोठा बदल म्हणजे डेव्हलपमेंट. पुढे तीत इमारत पाडणे, भराव घालणे आणि जमिनीचे तुकडे पाडून रेखांकन करणे यांचाही समावेश आहे. पाडणेही डेव्हलपमेंट आणि उभारणेही डेव्हलपमेंट! कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. ज्यावर नियंत्रण ठेवायचे त्या सर्व गोष्टी एका शब्दात बांधणे ही कायदेमंडळाची गरज आहे. फसगत होते ती पुढे. कायद्याने हा शब्द घेतला ‘बदल’ या अर्थाने, फलकावर तो झळकला ‘सुधारणा’ या अर्थाने आणि शेतकऱ्याने तो ऐकला ‘भले होणे’ या अर्थाने. एका शब्दाच्या तीन अर्थांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरातून एकरच्या एकर जमीन निघून जाते.

‘डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट’ आणि त्याच्या जोडीला कुलमुखत्यारपत्र, हा आजचा सर्रास मार्ग. शेतकऱ्याची समजूत अशी, की जमीन आपलीच आहे, समोरचा केवळ ती सुधारून देणार आहे. विकणे हा शब्द घरात उच्चारायला जड जातो. बापजाद्यांची जमीन ‘विकली’ म्हणताना जीभ अडखळते. ‘डेव्हलपमेंटला दिली’ म्हणताना ती अडखळत नाही. सरकारच्या मुद्रांक खात्याची मात्र अशी कोणतीही गोड समजूत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार बांधकामाचे, विकसनाचे किंवा विक्रीचे अधिकार विकसकाला देणाऱ्या करारावर खरेदीखताच्या दरानेच शुल्क आकारले जाते. तिजोरीला जे कळते ते घरच्या कर्त्या माणसाला कळू नये, अशी व्यवस्था एका शब्दाने केली आहे.

यावर ‘मराठी शब्द वापरा, प्रश्न सुटेल’ असे सोपे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ‘विकास’ या शब्दाचे काय झाले ते पाहावे. संस्कृतात विकास म्हणजे उमलणे. कळी आतून उमलते, तिला बाहेरून कोणी उमलवत नाही. ओढून उमलवली तर पाकळ्या गळतात. हा सुंदर शब्द आपण ‘डेव्हलपमेंट’च्या दावणीला बांधला. मग विकास आराखडा, विकास शुल्क, विकास हक्क, विकसन करारनामा अशी रांग लागली. केंद्रातील शिक्षण खात्याचे १९८५ साली ‘मनुष्यबळ विकास’ झाले. तब्बल ३५ वर्षे देशाची मुले ‘मनुष्यबळ’ होती. २०२० साली नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर ‘शिक्षण’ हा शब्द परत आला, हे योग्यच झाले. इंग्रजी शब्दाला धोतर नेसवले म्हणून तो स्वकीय होत नाही. या शब्दाचे राजकारणही परक्या भूमीतच सुरू झाले. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या भाषणात जगातील एका मोठ्या भागाला ‘अंडरडेव्हलप्ड’ म्हटले आणि ज्यांच्याकडे हजारो वर्षांची शेती, विद्या आणि धर्मजीवन होते ते समाज एका विशेषणाने मागासले ठरले.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तेव्हा त्यात दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग असे वेगवेगळे वर्ग केले आणि ज्या त्या वस्तूला तिचा शब्द दिला. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ टिकले, कारण त्यांतील प्रत्येक शब्द एका ठिकाणी नेमका बसतो. भाषाशुद्धीची ही परंपरा नेमकेपणाची आहे. रेल्वे, स्टेशन, टेबल यांच्याशी भांडण उकरून काढण्यात शक्ती घालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. टेबल कोणाचे शेत गिळत नाही.

मुळशीकरांना हा अनुभव नवा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट मावळ्यांना घेऊन उभे राहिले, तेव्हा समोरचा शब्द ‘पब्लिक पर्पज’ होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, त्यासाठी मावळ्यांची घरे-शेते पाण्याखाली जायची होती आणि यास ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणायचे होते. मावळ्यांनी तो शब्द मान्य केला नाही. धरण झाले, पण जे घडले त्याला बुडणे म्हणतात हे त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितले आणि त्यासाठी तुरुंग पाहिला. आज सत्याग्रह नाही, तुरुंग नाही, सही स्वखुशीची आहे. म्हणूनच प्रकरण अधिक अवघड आहे.

भुकूमसारख्या गावांत ग्रामसभा होतात, तेथे मराठीतच बोलले जाते. ठरावात वा करारनाम्यात जेथे ‘विकसन’ हा शब्द येईल, तेथे तो खोडून नेमके क्रियापद लिहून घेण्याचा आग्रह कोणीही धरू शकतो: पोखरणे, भरणे, बुजवणे, तोडणे, बांधणे, विकणे. पुण्यातून शनिवार-रविवारी या गावांत जाणाऱ्या महाविद्यालयीन कार्यकर्त्यांना याहून सोपे आणि याहून निकडीचे काम सापडणे कठीण आहे. करारनाम्याची प्रत सहीच्या आठ दिवस आधी मागून घ्यायची आणि घरातील सर्वांना, विशेषतः जिची सही शेवटी घेतली जाते त्या माउलीला, शब्दश: वाचून दाखवायची.